दोघांनी जायचं, दोघांनी यायचं

राजवाड्याजवळच्या चष्म्याच्या दुकानात सुजय पानसे स्टुलावर बसला होता आणि दुकानदार त्याच्या नाकावर एकामागून एक भिंगं चढवून बघत होता. एक्केचाळिसाव्या वर्षी चाळिशी लागणं ही काही लाजण्यासारखी गोष्ट नाही, तरी सुजय घरी न सांगता आला होता. बऱ्याच गोष्टी तो घरी न सांगता करायचा, त्यात लपवण्यासारखं काही नसलं तरी. "कुछ भी पढ़के देखो भिया," दुकानदार म्हणाला, "मोबाइल खोल लो." सुजयने मोबाइल उघडला आणि समोर आली ती पहिली मेल वाचायला घेतली. युनिव्हर्सिटीची होती. केस स्टडीला शंभरापैकी अठ्ठ्याऐंशी. खाली शिकवणाऱ्या निधी मॅडमनी इंग्रजीत लिहिलं होतं की बॅचमधली ही सर्वांत चांगली केस आहे, आणि स्वतःच्या कामाच्या जागेबद्दल इतक्या प्रामाणिकपणे लिहिणारे विद्यार्थी त्यांना क्वचित भेटतात. उणीव एकच. यातल्या 'फायरफायटर ए'चं स्वतःचं म्हणणं कुठेच आलेलं नाही. त्यांना भेटा, मुलाखत रेकॉर्ड करा, संमतिपत्रावर सही घ्या आणि वीस तारखेच्या आत जोडा, मग ही केस आपण सगळ्या बॅचपुढे लाइव्ह मांडू. "साफ दिख रहा है?" दुकानदाराने विचारलं. सुजय हो म्हणाला. मग त्याने विचारलं, फ्रेम कोणती देऊ, त्यालाही तो हो म्हणाला.

बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपले कान गरम झालेत. एखाद्याने शिवी दिली तर माणूस उलट शिवी तरी देऊ शकतो. प्रामाणिक म्हटल्यावर काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. रविवारची गर्दी त्याला ढकलत होती आणि तो सराफ्याच्या तोंडाशी सोनारांच्या बंद दुकानांच्या पायऱ्यांशेजारी उभा राहून ती मेल पुन्हा वाचत होता, आता चष्म्याशिवाय, हात लांब करून. ऑनलाइन पदवीचं नाव मोठं लांबलचक होतं, फायर अँड इमर्जन्सी सर्व्हिसेस मॅनेजमेंट. दीड वर्षापूर्वी देपालपूर रस्त्यावरचा त्यांचा सोयाबीनचा कारखाना नव्या मालकांनी घेतला, आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं की आग-सुरक्षा विभागाचा प्रमुख पदवीधर हवा. सुजयकडे अठरा वर्षांचा अनुभव होता, एक डिप्लोमा होता आणि बरं इंग्रजी होतं. इंग्रजी वडिलांचं. चिंतामणराव शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि घरी जेवतानाही मुलाचं वाक्य सुधारायचे. त्या इंग्रजीच्या जिवावर सुजयने ऑनलाइन वर्गातल्या बाकीच्यांना मागे टाकलं होतं. सुरतचा एक सेफ्टी सुपरवायझर, कोइंबतूरची एक बाई, नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, असे पन्नासेक जण होते, सगळे पडद्यावरच्या चौकोनांत. सुजय दर रविवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसायचा, आणि संहिता, त्याची बायको, मिक्सर लावायच्या आधी त्याला विचारायची, लावू का. त्याला ते आवडायचं. चाळिशीत आपल्या अभ्यासासाठी घर गप्प बसतंय हे सुख त्याने फार मनापासून घेतलं होतं.

पाचव्या धड्याचं नाव होतं मानवी घटक. स्वतः पाहिलेली अशी घटना लिहा, की जिच्यात एखाद्या माणसाने नियम मोडला, आणि तो का मोडला याचं विश्लेषण करा. सुजयला विचार करावाच लागला नाही. ती घटना त्याच्याकडे सतरा वर्षं तयार पडून होती. इतक्या लोकांना, इतक्या वेळा आणि इतक्या सारख्या शब्दांत त्याने ती सांगितली होती की टाइप करताना कुठे अडखळायला झालं नाही. पेंडीच्या गोदामातली आग. सोयाबीनचं तेल काढून उरलेली पेंड पोत्यांत भरून रचलेली असते, आणि ती आतल्या आत तापते. जाळ नसतोच, नुसता धूर, पिवळट आणि जाड. आत कुणीतरी पत्र्यावर ठोकतंय असं बाहेर ऐकू येत होतं. अशा धुरात पाठीवर हवेची बाटली आणि तोंडावर मास्क लावून जायचं असतं, आणि जोडीनेच जायचं असतं. दोघांनी जायचं, दोघांनी यायचं. एकाला परत फिरावं लागलं तर दुसऱ्याने कसलाही विचार न करता त्याच्याबरोबर फिरायचं. केस स्टडीत सुजयने लिहिलं होतं की 'फायरफायटर बी'चा मास्क गळत असल्याने तो नियमानुसार मागे फिरला, परंतु 'ए'ने साथीदाराला एकटं सोडलं आणि तो आत गेला. सात मिनिटांनी 'ए' एका हमालाला ओढत बाहेर आला. हमाल जगला. परिणाम चांगला झाला म्हणून कृती योग्य ठरत नाही, असं वाक्य सुजयने शेवटी घातलं होतं, आणि ते त्याला स्वतःला इतकं आवडलं होतं की त्याने ते संहितेला वाचून दाखवलं होतं.

'ए' म्हणजे मारुती शेळके, पथकातला सगळ्यांत जुना माणूस, ज्याला सगळे भिया, म्हणजे भाऊ, म्हणायचे. 'बी' म्हणजे सुजय. आणि मास्क गळत नव्हता.

ही गोष्ट सुजयला माहीत होती, पण कशी माहीत होती ते सांगणं कठीण आहे. आपल्या घरात एखादी खोली असावी आणि आपण तिच्यात सामान न ठेवता, ती न उघडता वर्षानुवर्षं राहावं, तशी माहीत होती. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, भरती होऊन आठ महिने झाले होते. त्याआधी त्याने धूर पाहिला होता तो सरावाचा, पिंपात टायर जाळून केलेला. गोदामाच्या दारातून तो भियाच्या मागे आत गेला, एक पाऊल, दोन, चार. चौथ्या पावलाला उजेड गेला. भियाची पाठ गेली. राहिला तो फक्त मास्कमधला श्वास, घरघर करणारा, आणि एक क्षण त्याला खरोखर वाटलं की हा श्वास आपला नाही, आपल्या कानाशी दुसरंच कुणीतरी श्वास घेतंय. तो वळला. वळताना त्याने भियाच्या दंडाला हात लावला, नियम म्हणून नाही, धरायला काहीतरी हवं म्हणून. बाहेर आला, मास्क ओरबाडून काढला, आणि कुणी काही विचारायच्या आत त्याचं बोट मास्ककडे गेलं. गळतोय, तो म्हणाला. हे त्याने ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं तेव्हाच त्यालाही ते कळलं. मग सगळं सोपं झालं. हेड ऑफिसचे दोन साहेब चौकशीला आले. मास्क तपासणीसाठी बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवला गेला, तो परत आला नाही आणि त्याची आठवण कुणी काढली नाही. सुजयने आपला जबाब स्वच्छ अक्षरात लिहून दिला, त्यातली एक ओळ सोडली तर बाकी सगळं खरं होतं. भियाच्या फाइलमध्ये पत्र लागलं, नियम मोडून एकटा आत गेला म्हणून. महिन्याभराने भियाने अर्ज केला की मला पथकातून काढा आणि पंप हाऊसवर द्या. मग अकरा वर्षं तो माणूस कारखान्याच्या मागच्या बाजूला पंपाचे काटे बघत बसला आणि तिथूनच निवृत्त झाला. सुजय धरून चालला की भिया रागावलाय. रागावलाय हे धरणं सोयीचं होतं, कारण रागावलेल्या माणसाकडे जावं लागत नाही. दिवाळीला तो पंप हाऊसवर मिठाईचा डबा पाठवायचा, दुसऱ्याच्या हाताने.

वर्गाच्या चर्चेच्या पानावर केस स्टडी चढली तेव्हा सुरतच्या माणसाने लिहिलं होतं, 'ए'सारखी माणसं पथकासाठी धोका असतात. नौदलवाल्यांनी लिहिलं होतं, आमच्याकडे 'ए'ला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं. कोइंबतूरच्या बाईंनी लिहिलं होतं की 'बी'ने दाखवलेली शिस्त कौतुकास्पद आहे. आणि सुजयने, हे आता सराफ्याच्या तोंडाशी उभं असताना आठवून त्याला आपला हात कुठेतरी लपवावासा वाटला, सुजयने त्या शेवटच्या वाक्याखाली लाल बदाम दाबला होता. कुणीही बघत नव्हतं, गरज नव्हती, दाबला नसता तर काही बिघडलं नसतं. तरी बोट गेलं. बोटाला तोंड नसतं म्हणून काय झालं, सतरा वर्षांपूर्वी मास्ककडे गेलं ते हेच. चोरी केलेल्या माणसाला निदान चोरलेल्या वस्तूचा उपयोग असतो. एका अनोळखी बाईने 'बी'ला शाबासकी दिली याचा सुजयला काय उपयोग होता? पण तो दिवस चांगला गेला होता, हे खरं. त्या दिवशी त्याने संहितेला बाहेर जेवायला नेलं होतं.

आठवडा त्याने पळवाटा शोधण्यात घालवला. मॅडमना कळवावं की 'ए' वारले. हे त्याच्या मनात आलं, आणि आलं याची लाज वाटून त्याने ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. मग वाटलं, मुलाखत आपणच लिहून काढावी, सही काय, कशीही करता येते. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने तीन प्रश्न लिहिले आणि भियाची तीन उत्तरंही लिहिली. उत्तरं वाईट नव्हती, पण भिया कुठेच नव्हता त्यांत. चिंतामणरावांनी सुधारलेल्या इंग्रजीत भिया कबूल करत होता की त्या वेळी माझ्याकडून आवेगात निर्णय घेतला गेला. भियाला आवेग वगैरे काही नव्हता. भिया पंक्चर काढल्यासारखा आगीत जायचा. सुजयने उत्तरं पुसली, पण ती सद्सद्विवेकाने पुसली असं त्याला म्हणता येईना. ती जमली नाहीत म्हणून पुसली. मॅडमना भियाची मुलाखत हवी आहे एवढं त्याने संहितेला सांगितलं होतं, आणि रात्री जेवताना ती म्हणाली, "अरे, मी भियांच्या घरी, लीलाकाकूंना फोन केला होता. जुन्या डायरीत नंबर होता. सांगितलं, सुजय रविवारी येतोय. किती खूश झाल्या माहीत आहे? म्हणाल्या, हे तर रोज तुझी आठवण काढतात."

"काय आठवण काढतात?" सुजयने विचारलं.

"मला काय माहीत. तू विचार ना जाऊन," संहिता म्हणाली आणि त्याच्या पानात पोळी वाढली.

छत्रीबागेतली भियाची गल्ली त्याला माहीत होती. भियाच्या मुलीच्या, कस्तुरीच्या लग्नाला तो आला होता आणि अक्षता टाकून न जेवता निघाला होता. खान नदीच्या बाजूने स्कूटर लावून तो उतरला तेव्हा अकरा वाजायचे होते. खांद्याला लॅपटॉपची बॅग, आत संमतिपत्राच्या दोन प्रती. भिया दारातच उभा होता. सहासष्ट वर्षांचा माणूस, बनियन आणि पायजमा, दाढी केलेली, आणि केवळ पाहुणा येणार म्हणून वर चढवलेला इस्त्रीचा शर्ट, बटणं न लावता. सुजयने वाकून नमस्कार केला. वाकल्यावर त्याला उठावंसं वाटेना. "अरे बस बस," भिया म्हणाला, "ये, बैठ इथे पंख्याखाली. तू तर एकदम साहेब होऊन गेला रे. केस पण गेले थोडे." लीलाकाकू आतून आल्या, त्यांनी संहितेची चौकशी केली आणि पोह्यांची बशी आणून समोर ठेवली, वर शेव, जीरावनाचा मसाला आणि लिंबाची फोड. "घे, गरम आहेत," म्हणाल्या. मग भिया उठून आत गेला आणि परत आला. "हे काय ना," काकू सुजयला म्हणाल्या, "मी गॅस बंद केला की दोन वेळा जाऊन बघून येतात. रेग्युलेटरला हात लावून बघतात. कुलपाचं तेच. किती साल झाले, माझ्यावर भरोसाच नाही." "तुझ्यावर आहे," भिया म्हणाला, "माझ्यावर नाही." काकू हसल्या आणि आत गेल्या.

सुजयने मोबाइल टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं, आणि ऑफिसातल्या आवाजात समजावलं की हा अभ्यासाचा भाग आहे, नाव कुठे येणार नाही, पेपरात तुम्हाला 'ए' म्हटलंय, मला 'बी', आणि त्या दिवसाबद्दल तुमच्या शब्दांत जे काही. भिया ऐकत होता, मान हलवत होता. त्याचे हात मांडीवर होते, तळवे वर. "ठीक आहे," तो म्हणाला, "पण त्याच्या आधी मला एक सांगायचं आहे तुला. कधी हिंमतच झाली नाही. तू डबे पाठवायचास दिवाळीला, तेव्हा पण वाटायचं की जाऊन बोलावं. मतलब, समोर येऊन. मी तुझा मास्क चेक नव्हता केला."

सुजयला आधी वाक्य कळलंच नाही.

"आत जायच्या आधी सीनियरने ज्युनियरचा मास्क बघायचा असतो," भिया बोलत राहिला, "तुला तर मीच शिकवलं. ज्याच्या तोंडावर आहे त्याला तो ठीकच वाटतो, म्हणून दुसऱ्याने बघायचा. नळीच्या तोंडावर हात ठेवायचा, त्याने श्वास ओढायचा, मास्क गालाला चिकटला तर बरोबर. मग पाठीवर दोन थापा, जा. चौकशीत साहेबांनी विचारलं, चेक केला होता का. मी म्हटलं, हो साहेब. तर म्हणाले, केला होता तर गळला कसा? आता याच्यावर काय बोलणार? मला तर पक्कं आठवत होतं. हाताला आठवत होतं. तळव्याला ती ओढ लागली होती. पण तू बाहेर आलास आणि गळतोय म्हणालास, आणि तू काय खोटं बोलणार, तेव्हा पोरगा होतास, थरथरत होतास. तर मग मी विचार केला, आठवतंय ते दुसऱ्या कुठल्या दिवसाचं असणार. दिमाग असं करतो ना, एका दिवसाचं उचलून दुसऱ्यात ठेवून देतो. मी घाईत होतो. आत तो ठोकत होता. मी तुला तसाच पाठवला. तू मेला असतास, सुजय. हमाल वाचला ठीक आहे, पण तुला तर मी मारलंच होतं समज." भियाने हात जोडले. "त्याच्यानंतर मी कुणाचा मास्क चेक करायच्या लायकीचा नव्हतो. म्हणून पंप हाऊस मागून घेतला. ते पत्र वगैरे काही नाही रे, पत्राचं कोण मनावर घेतो. माफ कर यार. इतके साल लागले म्हणायला."

पंखा फिरत होता. मोबाइलवर लाल आकडे पळत होते. आणि सुजयच्या डोक्यात, त्याची इच्छा नसताना, एक इंग्रजी वाक्य तयार होत होतं, की मुलाखतीत 'ए'ने स्वेच्छेने कबूल केलं की प्रवेशापूर्वीची तपासणी त्याच्याकडून झाली नव्हती. वाक्य चांगलं होतं. निधी मॅडम त्याला पंचाण्णव देतील. ते अख्खं वाक्य डोक्यात येऊन, शेवटचा पूर्णविराम लागून बसलं, तेव्हा सुजयला स्वतःची किळस आली. समोर हात जोडून बसलेला म्हातारा आणि आपल्या डोक्यात टाइप करणारा हा दुसरा कोण, हे त्याला बघवेना. तो भियाला राग येईल म्हणून घाबरून आला होता. भिया शिव्या देईल, तोंडावर दार लावेल, या सगळ्याची तयारी करून आला होता तो. ज्याच्याकडून शिक्षा घ्यायला यावं त्यानेच माफी मागितली तर काय करायचं असतं, याचा धडा पदवीत नव्हता. सतरा वर्षांत त्याने एकदाही, अगदी एकदाही, असा विचार केला नव्हता की आपल्या त्या एका शब्दावर कुणी विश्वास ठेवला असेल आणि स्वतःच्या हातावरचा काढून घेतला असेल. आपण भियाचं नाव घालवलं एवढंच त्याला माहीत होतं. ते कमी होतं असं आता वाटलं.

"भिया," तो म्हणाला, "मास्क गळत नव्हता."

भियाने हात खाली घेतले.

"मास्क ठीक होता. मी घाबरलो. आत काही दिसेना, मी घाबरलो आणि परत फिरलो. गळतोय म्हणालो ते खोटं म्हणालो. नंतर लेखीही तेच दिलं."

सुजयने वर बघितलं नाही. आता येईल ते येऊ दे, असं म्हणून तो बसून राहिला. काही आलं नाही. भिया बोलला तो अगदी हळू, नवीन पोराला शिकवताना बोलायचा तसा.

"श्वास ओढलास तेव्हा चिकटला होता?"

"हो."

"कुठे? गालाला?"

"गालाला, कपाळाला. सगळीकडे."

"बाटलीत हवा किती होती?"

"पूर्ण. तुम्ही काटा बघून बोललात पण, दोनशे."

"दोनशे," भिया म्हणाला. "हां. दोनशे म्हणालो होतो. आणि थापा?"

"दोन. डाव्या खांद्याखाली."

"डाव्या." भियाने आपला उजवा हात उचलला, समोर कुणाची पाठ असल्यासारखा पुढे नेला आणि हवेत थांबवला. मग तळवा स्वतःकडे वळवून तो बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटत होतं ते सुजयला सहन झालं नाही, कारण तो आनंद होता. साधा, निखळ, हरवलेली वस्तू सापडल्याचा आनंद, आणि त्यात सुजयला जागाच नव्हती. रागाचीसुद्धा नाही. "लीला," भियाने हाक मारली, "ए लीला, इकडे ये. मी चेक केला होता. ऐकलं का, मी केला होता चेक."

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग सुजयकडे. "कोण म्हणतं?" त्यांनी विचारलं.

"हा म्हणतोय. मास्क ठीक होता. हा घाबरला होता फक्त."

"फक्त," काकू म्हणाल्या. त्या उभ्याच राहिल्या. त्यांच्या नजरेखाली सुजयला आपले गुडघे, आपली बॅग, आपला महागातला मोबाइल, सगळं एकेक करून दिसायला लागलं. "सतरा साल हा माणूस रात्री उठून गॅस बघतो," त्या म्हणाल्या. "कस्तुरीच्या पोराला कडेवर घेत नव्हता, हातातून पडेल म्हणून. मी म्हणायची, बुढ्ढे होऊन राहिले आणि काय. आणि तुला माहीत होतं."

"हे माहीत नव्हतं," सुजय म्हणाला. मग त्याला त्याची लाज वाटली आणि तो म्हणाला, "विचारलं असतं तर कळलं असतं. विचारलं नाही."

"आणि आता काय लिहून आणलं आहे? ते 'ए' आणि 'बी'?"

सुजयने बॅगेतून संमतिपत्रं काढून बाजूला ठेवली. सांगितलं. सगळं सांगितलं, सुरतचा माणूस, शिस्तीचं कौतुक, अठ्ठ्याऐंशी मार्क, प्रामाणिकपणा. लाल बदामाचंही सांगितलं, जे सांगायची काही गरज नव्हती. काकूंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी एवढंच विचारलं, "हे सगळ्या क्लासपुढे जाणार?"

"हो. आणि कंपनीत पण जाईल. ते मागवतात."

"खरं लिहिलं तर?"

"तर ती प्रमुखाची पोस्ट नाही मिळणार. नोकरीचं माहीत नाही."

काकूंनी वाकून त्याच्या समोरची पोह्यांची बशी उचलली. त्याने एक घासही खाल्ला नव्हता. बशी त्यांनी मागे फळीवर नेऊन ठेवली आणि टेबलावरचं जीरावन हाताने झाडलं. "काढ ते तुझं मशीन," त्या म्हणाल्या. "इथे बसून लिही. घरी गेलास तर नाही लिहिणार तू."

त्याने लॅपटॉप उघडला. केस स्टडी उघडली. नवा चष्मा खिशात होता, तो लावला. जिथे जिथे 'ए' होतं तिथे मारुती शेळके केलं, 'बी' होतं तिथे सुजय पानसे. मशीनने ते एका क्षणात सगळीकडे बदललं आणि पानभर त्याचं स्वतःचं नाव पसरलं. काकूंनी खुर्ची ओढली आणि त्या त्याच्या शेजारी बसल्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. "वाच," त्या म्हणाल्या, "मराठीत." त्याने वाचलं, सुजय पानसे यांनी उपकरणातील बिघाडामुळे नियमानुसार माघार घेतली. "हे काढ," काकू म्हणाल्या. त्याने काढलं. तिथे नवीन काय घालायचं याला त्याला वेळ लागला. वडिलांच्या इंग्रजीत त्यासाठी बरेच शब्द होते, आणि त्याने ते एकेक लिहून पुसले. शेवटी जे राहिलं ते मोठ्याने वाचलं. सुजय पानसे घाबरला आणि परत आला. मास्कमध्ये बिघाड नव्हता. मारुती शेळके यांना खोट्या जबाबामुळे शिक्षा झाली. भिया पलीकडे पलंगावर बसला होता, शर्टाची बटणं तशीच, आणि पुढे झुकून ऐकत होता.

"मास्क कोणी तपासला होता ते पण लिही," तो म्हणाला.

सुजयने लिहिलं.

"वाच."

"आत जाण्यापूर्वी सुजय पानसे याचा मास्क मारुती शेळके यांनी तपासला होता आणि तो व्यवस्थित होता."

भियाने डोळे मिटले आणि मान हलवली. "पुन्हा एकदा वाच," तो म्हणाला.